एक लांब, तीन आखूड

१

मंगळवार, दुपारचे चार. सन १९१९, ऑक्टोबर महिना. आयोवा राज्यातल्या नॉर्डन गावात, रुळांच्या कडेला असलेल्या गेशे उबेनच्या स्वयंपाकघरात टेलिफोन वाजला. एक लांब घंटी, मग तीन आखूड.

गेशे बटाटे सोलत होती. सुरी सालीतच थांबली.

तिची स्वतःची घंटी दोन आखूड. शेजारच्या टाल्का ओनेनची दोन लांब. धान्याच्या कोठारवाल्या फोल्कर्ट माइन्ट्सची वेगळी, स्टेशनाची वेगळी. तार एकच, त्यामुळे प्रत्येक घंटी सगळ्यांकडे वाजायची आणि ज्याची त्याने ओळखायची. एक लांब, तीन आखूड ही हार्मची. हार्म हा गेशेचा धाकटा भाऊ. आणि हार्मच्या घराला गेल्या वर्षीच्या जूनपासून कुलूप होतं. किल्ली गेशेच्या एप्रनच्या खिशात होती.

दुसऱ्याच्या घंटीला रिसीव्हर उचलू नये, असं टेलिफोनच्या पेटीवर छापलेलं होतं. ते छापलेलंच राहिलं. नॉर्डनमध्ये दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हे धुण्याभांड्यासारखं रोजचं काम होतं. रविवारी चर्चमध्ये मान खाली घालणारी माणसं सोमवारी रिसीव्हर कानाला लावून श्वास रोखून उभी राहायची.

गेशेने हात पुसले आणि रिसीव्हर उचलला.

पहिल्यांदा ऐकू आला टाल्काच्या पिंजऱ्यातला पिवळा पक्षी, म्हणजे टाल्का हजर. मग घशात अडकलेली खाकर, म्हणजे फोल्कर्ट. मग तारयंत्राची कडकड, म्हणजे स्टेशनमास्तर आइलर्स. कोणी बोलत नव्हतं. या सगळ्यांच्या मागे, खूप लांब, आणखी एक आवाज होता. रुळांच्या सांध्यांवरून चाकं जावीत तसा. टक-टक. टक-टक.

गेशेने खिडकीतून पाहिलं. रूळ दोन्ही बाजूंना दिसतील तिथपर्यंत रिकामे होते.

मग कोणीतरी विचारलं. आवाज इतका बारीक की तो पुरुषाचा आहे हेही उशिरा कळलं. भाषा घरची होती, जर्मन बोली. युद्धाच्या काळात टेलिफोनवर जी बोलायला बंदी होती, ती.

"कोण ऐकतंय?"

एकेक करत रिसीव्हर खाली गेले. खट. खट. खट.

२

कोणीतरी चेष्टा करतंय, असं गेशेने स्वतःला बजावलं. हँडल फिरवून कोणाचीही घंटी कोणालाही वाजवता येते. आवाज काढायला काय लागतं? हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं. तरी त्या दिवशी तिने बटाटे तसेच पाण्यात ठेवले आणि काळ्या पावाचा तुकडा खाऊन झोपली.

कारण "कोण ऐकतंय?" हे शब्द तिने आधी ऐकले होते. याच खोलीत, याच रिसीव्हरमधून.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ओढ्याला पूर आला होता. पूल पाण्याखाली होता. पलीकडे हार्म, अलीकडे गेशेच्या घरी त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. हार्मने टेलिफोन केला. गेशेने आईला खुर्चीसकट भिंतीपाशी ओढलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला धरला. आईला घरच्या बोलीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. चाळीस वर्षं अमेरिकेत राहूनही तिला इंग्रजीत फक्त 'गुड मॉर्निंग' म्हणता येत असे, आणि तेही ती संध्याकाळी म्हणत असे. हार्म तिच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार होता?

या तारेचा एक गुण सगळ्यांना माहीत होता. एक रिसीव्हर उचलला की आवाज थोडा उतरतो. दुसरा उचलला की आणखी उतरतो. ऐकणारे जितके जास्त, तितकं बोलणं बारीक. त्या दिवशी खट, खट, खट होत गेलं आणि आई विचारत राहिली, "बोलत का नाही गं हा?"

हार्म म्हणाला, "कोण ऐकतंय? खाली ठेवा. आईला ऐकू येत नाहीये."

कोणी ठेवला नाही. मग हार्म ओरडून बोलला. सगळं घरच्या बोलीत, सगळ्या तारेवर. आई त्याच संध्याकाळी गेली. त्याने काय सांगितलं ते तिला कळलं की नाही, देव जाणे.

पूर ओसरल्यावर हार्म मातीला आला. तिथूनच, बंदी मोडली म्हणून, त्याला नेलं. नेणारे परके नव्हते. याच गावातले, याच चर्चमधले, जर्मन आडनावांचे लोक होते. आपण किती पक्के अमेरिकन आहोत हे दाखवायची त्यांना घाई झाली होती. स्टेशनाच्या पाटीवरचं 'नॉर्डन' खरवडून तिथे 'फ्रीडम' रंगवणारेही तेच. नंतर गेशेला सांगण्यात आलं की मास्तरांनी हार्मला तिकीट दिलं, चारच्या गाडीत बसवलं, तो डकोटात चुलतभावांकडे गेला, वातावरण निवळलं की येईल.

युद्ध संपलं. बंदी उठली. चुलतभाऊ म्हणाले, इकडे कोणी आलेलं नाही.

३

पुढच्या मंगळवारी चार वाजता परत तेच. एक लांब, तीन आखूड. पक्षी, खाकर, तारयंत्र, चाकं. "कोण ऐकतंय?"

गेशे शाल गुंडाळून थेट टाल्काकडे गेली. टाल्का ओनेन गावातली सगळ्यात जुनी विधवा. तिचं स्वयंपाकघर कायम गरम असायचं आणि जीभ त्याहून गरम.

"मी?" टाल्का म्हणाली. "माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. रिसीव्हर काय नाकाने उचलू?"

"तुझा पक्षी गात होता."

"पक्षी आहे, गातोच. तुझ्यासारखा तोंड पाडून बसत नाही."

"टाल्का, टेलिफोनमध्ये गात होता."

टाल्काने परातीवर फडकं झाकलं. मग ते काढलं. मग परत झाकलं.

"मग तूही उचललाच होतास की," ती म्हणाली. "माझ्या दारात येऊन मला चोर ठरवतेस?"

"ती घंटी माझ्या भावाची आहे. मी उचलणारच. तू का उचललास?"

"मला वाटलं..." टाल्का खुर्चीवर बसली. आवाज खाली आला. "गेशे, तू वाजवतेस ना? खरं सांग. आम्हाला लाज वाटावी म्हणून?"

गेशे तिच्याकडे बघत राहिली. गंमत करणारी बाई अशी घाबरत नाही. पण खोटं बोलणारी घाबरते. टाल्का यांपैकी कोण, हे त्या चेहऱ्यावरून कळेना.

"लाज कशाची वाटायची?" गेशेने विचारलं.

टाल्का उठली आणि पक्ष्याच्या पिंजऱ्यावर कापड टाकलं. दिवसाउजेडी.

४

फोल्कर्ट माइन्ट्स स्वतःच आला. धिप्पाड माणूस. कोठारातल्या धुळीने छाती भरलेली, त्यामुळे दर दोन वाक्यांमागे खाकर. लहानपणी हार्म आणि तो एकाच बाकावर बसायचे. आता तो गेशेशी इंग्रजीतच बोलायचा. बंदी उठली तरी त्याची ती सवय काही सुटली नव्हती.

"सही करून टाक, गेशे," तो म्हणाला. "हार्म स्वखुशीने गाव सोडून गेला, एवढंच लिहून द्यायचंय. कोर्ट जमीन मोकळी करेल. मी रुळाशेजारी दुसरं कोठार बांधतो. तुझंही म्हातारपण नीट जाईल."

"स्वखुशीने?"

"गाडीत बसून गेला ना? मग?"

"तू पाहिलंस?"

"सगळ्यांनी पाहिलं." खाकर. "मास्तरांना विचार."

"मास्तर म्हणतात, तुला विचार."

फोल्कर्ट हसला. "तू लहानपणापासून अशीच. विहिरीत डोकावल्याशिवाय पाणी प्यायची नाहीस."

त्याची नजर भिंतीवरच्या टेलिफोनवर गेली आणि लगेच परत आली. गेशेने ते पाहिलं. हाच तो, तिला वाटलं. सही मिळावी म्हणून मला वेडी ठरवायला निघालाय. वेड्या बाईच्या सहीची गरजच पडत नाही.

"मंगळवारी चहाला ये," ती म्हणाली. "कागद घेऊन ये. टाल्काला आणि मास्तरांना मी सांगते. साक्षीदार लागतील ना?"

"किती वाजता?"

"चारच्या आधी."

फोल्कर्ट खाकरला. "तीनला येतो. लवकर निघू."

"चारच्या आधी," गेशे म्हणाली. "आणि चहा पुरता झाल्याशिवाय माझ्या घरातून कोणी उठत नाही. तुला माहीत आहे."

५

त्याआधी तिला हार्मचं घर बघायचं होतं. ती दुपारी गेली, चांगल्या उन्हात. पूल ओलांडला, कुलूप काढलं.

बंद घराला असतो तोच वास. टेबलावर धूळ, चुलीवर धूळ, हार्मच्या छोट्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर धूळ. खुंटीवर त्याचा कामाचा कोट. कोटाच्या खांद्यांवरसुद्धा धूळ बसली होती, आणि का कोण जाणे, गेशेला तेच सगळ्यात वाईट वाटलं. जमिनीवर तिच्या एकटीच्या पावलांचे ठसे उमटत होते. मागे वळून तिने ते दोनदा पाहिले.

टेलिफोन भिंतीवर होता. हँडलवर धुळीचा थर, कोणाचं बोट लागलेलं नाही. रिसीव्हर आकड्यावर. इथून कोणी वाजवलेला नाही, हे नक्की झालं. तिला हायसं वाटलं. म्हणजे वाजवणारा त्या तिघांपैकीच.

मग तिने बोलायच्या भोंग्यात पाहिलं. इतर सगळीकडे धूळ होती. भोंगा आतून ओला होता.

थंडीत काचेवर श्वास सोडला की बसते तशी वाफ. ऑक्टोबर आहे, तिने स्वतःला समजावलं, घर बंद आहे, दव धरतं. तिने खिडकीच्या काचेला हात लावला. कोरडी. ऑर्गन कोरडा. पाण्याची बादलीसुद्धा कधीच आटून गेलेली. एप्रनच्या कोपऱ्याने तिने भोंगा आतून पुसला आणि कापड नाकाशी नेलं. वास गवताचा होता. जुन्या, गुरांच्या पायाखालच्या गवताचा.

ती बाहेर आली आणि कुलूप लावलं. थोडं पुढे जाऊन परत आली आणि कुलूप ओढून पाहिलं.

६

मंगळवारी तिघेही आले. टाल्का केक घेऊन, फोल्कर्ट कागद घेऊन, मास्तर आइलर्स हात हलवत. मास्तर किरकोळ, नीटनेटका माणूस. बोलताना बोटं मांडीवर तारयंत्रासारखी आपटायची सवय होती त्यांना.

"स्टेशनात कोण आहे, मास्तर?" गेशेने विचारलं.

"कुलूप लावलंय. चारची गाडी बंद झाल्यापासून सहापर्यंत गाडी नाही."

"तुझ्याकडे, टाल्का?"

"पक्षी. आणि तो हँडल फिरवत नाही, एवढं मी शपथेवर सांगते."

"फोल्कर्ट?"

"बायको बहिणीकडे गेलीय. आमची हजेरी घेतेस का गं? सही कर आणि मोकळं कर."

गेशेने प्रत्येक कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकला आणि वरून उकळता चहा ओतला. खडे तडकले. एरवी या आवाजावर टाल्का काहीतरी बोलायचीच. आज ती केक कापत राहिली. गेशेने कपाच्या कडेने साय सोडली. ढवळायची नसते ती, तशीच वर येऊ द्यायची. चौघांनी खाली माना घालून ती साय वर येताना पाहिली, जणू तेवढंच बघायला जमले होते.

तारेवरच्या सगळ्या घरांची माणसं या एका खोलीत होती. आता घंटी वाजली नाही, तर गुन्हेगार इथेच बसलाय. गेशेचा हिशेब सरळ होता. ती देवाकडे हेच मागत होती की ती वाजू नये.

भिंतीवरच्या घड्याळाने चार ठोके दिले. ती वाजली. एक लांब, तीन आखूड.

टाल्काचा कप बशीत आपटला. मास्तरांची बोटं थांबली.

"वारा असेल," फोल्कर्ट म्हणाला. "तारा एकमेकींना लागतात."

"वाऱ्याला हार्मची घंटी येते?" गेशे उठली आणि रिसीव्हर उचलला.

चाकं. टक-टक, टक-टक. या वेळी अगदी जवळ. तारेवर कोणीच नव्हतं ना! आणि त्याच्यापुढे कोणाचा तरी श्वास.

"हार्म?" ती घरच्या बोलीत म्हणाली. "मी गेशे."

तेव्हा ते सुरू झालं. खट. कोणीतरी रिसीव्हर उचलला. खट. आणखी एक. तिने मागे वळून पाहिलं. तिघेही आपापल्या खुर्चीत, हात टेबलावर. खट, खट, खट. गावात टेलिफोन होते त्याहून जास्त. प्रत्येक आवाजासरशी श्वास उतरत गेला, चाकं लांब गेली. काहीतरी सांगितलं जात होतं आणि ते तिच्या कानापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी पिऊन टाकत होतं. शेवटी तेवढंच उरलं, धाग्यासारखं.

"कोण ऐकतंय?"

गेशेने रिसीव्हर फोल्कर्टसमोर धरला. "तुला विचारतोय."

"मूर्खपणा आहे हा," तो इंग्रजीत म्हणाला. पण उठला. रिसीव्हर कानाला लावला. ओठांवरचं हसू तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला.

बराच वेळ तो ऐकत होता. मग घरच्या बोलीत, लहान मुलाच्या घाईने, तो म्हणाला, "दार मी नाही लावलं, हार्म."

७

त्याने रिसीव्हर आकड्यावर ठेवला. पहिल्यांदा ठेवताना चुकला.

"कुठलं दार?" गेशेने विचारलं.

गेशे तिघांकडे वळली.

"तुम्ही म्हणालात, तिकीट काढलं. तुम्ही म्हणालात, गाडीत बसवलं. प्रवाशाच्या डब्याचं दार कोण कशाला लावेल? फोल्कर्ट, कुठलं दार?"

"फोल्कर्ट, गप्प बस," मास्तर म्हणाले.

"मी नुसती उभी होते," टाल्का एकदम रडायलाच लागली. "शप्पत, गेशे, नुसती उभी होते. हसत होते सगळे, म्हणून मी पण... मालगाडी उभी होती. गुरांचा डबा रिकामा होता. पुढच्या स्टेशनावर उतरवतील म्हणाले. तेवढीच अद्दल."

"हार्म आईशी बोलला त्या टेलिफोनबद्दल कोणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय होतं?" फोल्कर्ट ओरडला. आता त्याची इंग्रजी कुठे गेली होती कोण जाणे. "सगळ्यांनीच ऐकलं होतं! प्रत्येकाला भीती, दुसरा आधी जाऊन सांगेल."

"आणि पुढच्या स्टेशनाला कोणी कळवलं?"

फोल्कर्टने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फोल्कर्टकडे.

"मला वाटलं, तू टेलिफोन केलास," मास्तर म्हणाले.

"तारयंत्र तुमच्या हाताखाली होतं!"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

एका माणसाचा जीव, आणि गावात असा एकही जण निघाला नाही ज्याला ते आपलं काम वाटलं. गेशेने तो कागद उचलला. 'स्वखुशीने' हा शब्द तिने वाचला. मग कागद न फाडता, न चुरगळता, घडी घालून फोल्कर्टच्या कोटाच्या खिशात ठेवला.

"सही होणार नाही," ती म्हणाली. "आता निघा."

"गेशे, हे बाहेर गेलं तर..." मास्तर म्हणाले.

"जाणार आहे. मी घेऊन जाणार आहे. उद्या शेरीफकडे, तिथे कोणी ऐकलं नाही तर जज्जकडे. आणि तुम्ही तिघांनी तिथे कुठल्या भाषेत खोटं बोलायचं ते आजच ठरवून ठेवा."

फोल्कर्ट आणि टाल्का गेले. मास्तर दारात थांबले. टोपी हातात होती.

त्यांच्याकडे न बघता गेशेने परत रिसीव्हर उचलला. तारेवर आता कोणी नव्हतं. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. चाकं. गवताची सळसळ. आणि लाकडी फळीवर हाताचा तळवा मारल्याचा आवाज. घाईचा नाही. खूप वेळ मारत असल्यासारखा.

"हार्म," ती म्हणाली, "आई शेवटी तुझंच नाव घेत होती. तू बोललास हे तिला कळलं होतं."

हे खरं की नाही, गेशेला माहीत नव्हतं. तिने ते तरीही सांगितलं.

हात थांबला. मग चाकंही थांबली. आणि मग तारेवर, कुठल्याही तारेवर असतो तसा, नुसता वारा उरला.

"गेशेबाई," मास्तर मागून म्हणाले. "मी नंतर चौकशी केली होती. गुपचूप, तारेने. तो डबा तिसऱ्या दिवशी राज्याच्या पलीकडच्या यार्डात सापडला."

गेशे वळली नाही. "आणि हार्म?"

शेरीफने पुढे सगळ्यांचे जबाब घेतले. दाराशी किमान वीस माणसं उभी होती, आणि कडी आपण लावली नाही असं वीसही जणांनी शपथेवर सांगितलं. यार्डातल्या माणसांचाही जबाब आहे. डबा त्यांनी स्वतः उघडला. कडी बाहेरून लावलेली होती, तिच्यातला खिळा जागचा हललेला नव्हता, फळ्या चारही बाजूंनी शाबूत होत्या. आत गवत होतं आणि माणूस नव्हता.